पाणी ओसरतं, यादी राहते

भिलवडीच्या काही कॉलेजच्या मुलामुलींनी विचारलं आहे: पावसाळ्याआधी आम्ही कृष्णाकाठच्या गावांसाठी एक ॲप करतोय. घरोघरी जाऊन प्रत्येकाचं नाव, मोबाईल, आधार, घराचं लोकेशन, घरातली म्हातारी माणसं, गरोदर बाई, आजार, औषधं अशी नोंद घ्यायची. पूर आला की अडकलेल्याने बटण दाबायचं, त्याचं ठिकाण नकाशावर सगळ्यांना दिसेल आणि जवळची बोट जाईल. ड्रोनही उडवायचा आहे. यात कायद्याने कुठे अडकू का? आणि जीव वाचवायचा असताना खासगीपणाचा एवढा विचार करायचा का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

2005 च्या पुरात मी पहिल्यांदा मदत कक्षातल्या फोनवर बसले. आमच्याकडे दोन लँडलाइन, एक बिनतारी संच आणि एक शंभर पानी वही होती. 2019 ला हातात स्मार्टफोन आणि डझनभर व्हॉट्सॲप ग्रुप आले, 2021 ला ऑनलाइन तक्ता आला. दर वेळी माहिती आधीपेक्षा लवकर आली आणि जास्त आली. दर वेळी पाणी गेल्यावर आमच्याजवळ लोकांची माहितीही जास्त उरली. 2005 ची वही मी त्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या बंबात घातली. 2019 ची यादी मात्र आजही कुणाकुणाच्या फोनमध्ये आहे, आणि ती परत गोळा करायचा कुठलाच मार्ग मला सापडलेला नाही.

त्या यादीत एक बाई होत्या. घरात कर्ता पुरुष नाही, दोन लहान मुली, भाड्याची खोली. नाव आणि मोबाईलपुढे 'एकट्या आहेत, मुली लहान' हा शेरा मी स्वतः लिहिला होता. बोट आधी तिकडे जावी म्हणूनच लिहिला होता. बोट गेली, तिघी सुखरूप बाहेर आल्या. महिन्याभराने त्या मला शोधत आल्या. रात्री-अपरात्री अनोळखी माणसांचे फोन येत होते, आणि एकाने तर माझा शेराच त्यांना वाचून दाखवला होता. त्यांनी घाबरून सिमकार्ड काढून टाकलं. बँकेच्या खात्याला तोच नंबर जोडलेला, त्यामुळे सानुग्रह अनुदान जमा झाल्याचा मेसेज त्यांना मिळालाच नाही आणि पैसे आले नाहीत असं समजून त्या चावडीवर खेपा घालत राहिल्या. ज्या ओळीने त्यांना आधी बाहेर काढलं, त्याच ओळीने त्यांची झोप उडवली. खासगीपणाचा एवढा विचार करायचा का, याला मी एवढंच उत्तर देऊ शकते.

पाणी उंबऱ्यात आलेलं असताना माणूस विचाराल ते सांगतो. आधार मागा, आधार देतो. आजार विचारा, शेजाऱ्यालाही न सांगितलेला आजार सांगतो. 'हे कशाला हवंय?' असं विचारायची त्याची ती वेळ नसते. म्हणून काय विचारायचं नाही हे ठरवण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. माझं सांगणं मुळात हेच आहे, आणि पुढे जे काही लिहिते आहे ते यातूनच निघालेलं आहे.

आता कायदा. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून बरीचशी महत्त्वाची कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. हा कायदा फक्त कंपन्यांसाठी आहे असा समज करून घेऊ नका. कोणती माहिती, कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तो या कायद्याच्या नजरेत जबाबदार. सहा मुलांचा गटही त्यात येतो. कागदावर लिहून घेतलेली माहिती नंतर संगणकात भरली तर तीही येते. स्वतःच्या वैयक्तिक किंवा घरगुती वापराला सूट आहे, पण तुमचं काम त्यात बसत नाही.

याच कायद्याच्या कलम 7 मध्ये संमतीशिवाय माहिती वापरायला परवानगी देणारे काही प्रसंग दिले आहेत. त्यातला एक थेट आपल्या कामाचा: आपत्तीच्या काळात एखाद्याच्या सुरक्षिततेसाठी किंवा त्याला मदत पोचवण्यासाठी. जिवाला धोका असलेली वैद्यकीय अडचणही त्याच कलमात आहे. म्हणजे पाणी चढत असताना कुणी फोनवर सांगितलं की वरच्या माळ्यावर आजोबा अडकलेत, तर आजोबांची सही आणायला थांबायचं नाही. एवढी अक्कल कायद्याने दाखवली आहे.

पण ते वाक्य पुन्हा वाचा. 'आपत्तीच्या काळात.' तुम्ही घरोघरी फिरणार मे महिन्यात, नदी तळाला गेलेली असताना. त्या वेळी आपत्ती नाही, त्यामुळे ही सवलतही नाही. मे महिन्यातल्या नोंदणीला रीतसर संमती हवी: काय घेतोय, कशासाठी घेतोय, कोण बघणार आणि काढून टाकायचं असेल तर कुणाला सांगायचं, हे मराठीत, समोरच्याला कळेल असं सांगून. कुणी नको म्हणालं तर त्या घरापुढे 'माहिती दिली नाही' एवढंच लिहायचं. पूर आल्यावर त्या घरी बोट उशिरा पाठवायची नाही. हे बोलायला सोपं वाटतं, पण नकाशावर जे घर दिसत नाही ते गडबडीत खरंच मागे राहतं, मी पाहिलंय. म्हणून नाव दिलं नाही तरी घराचा ठिपका आणि आत साधारण किती माणसं, एवढं गल्लीच्या पातळीवर असू द्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांची नावं घेऊच नका. 'लहान मुलं 2' एवढं बोटीला पुरतं.

आधार तर अजिबात मागू नका. बोटीत बसायला आधार लागत नाही. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला आधार कायद्याच्या कलम 29 ने मनाई केली आहे, आणि तुमचा तक्ता एकदा ग्रुपवर पडला की तो जाहीरच झाला समजा. निवारा केंद्रात ओळख पटवायची वेळ आलीच तर शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार चालतं, पोलीस पाटलाने ओळखलं तरी चालतं. ज्याचं घर वाहून गेलं त्याचं कार्डही वाहून गेलेलं असतं. कागद नाही म्हणून पाण्याची बाटली अडवलेली मी एका केंद्रावर पाहिली आहे आणि तिथे मोठ्याने भांडले आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 61 सांगतं की मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही. तुमच्या फॉर्ममध्ये जातीचा रकाना चुकूनही येऊ देऊ नका. 'सरकारी योजनेला उपयोगी पडेल' असं सांगणारा कुणीतरी भेटेल. त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आता औषधांचा रकाना. इथे जरा थांबते, कारण तुमच्या फॉर्ममधली सगळ्यात धोक्याची जागा हीच आहे आणि सगळ्यात चांगल्या मनाने तुम्ही हीच घातली आहे. पुरात औषध तुटतं हे खरं. इन्सुलिनला थंडावा लागतो आणि वीज गेलेली असते. डायलिसिसचा दिवस पुढे ढकलता येत नाही. ही माहिती हवीच. पण त्याच रकान्यात कुणीतरी एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या लिहील, कुणी क्षयाच्या, कुणी मानसिक आजाराच्या. एचआयव्ही आणि एड्स कायदा 2017 प्रमाणे एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि ती सांभाळणाऱ्यावर माहिती सुरक्षित ठेवण्याचं बंधन आहे. कायदा बाजूला ठेवा. गावात ही गोष्ट फुटली तर त्या बाईला पाणवठ्यावर जागा राहत नाही. आम्ही 2021 ला एक युक्ती केली, ती घ्या. फॉर्मवर आजाराचं नाव विचारायचं नाही. फक्त तीन खुणा: 'रोजचं औषध चुकवता येत नाही', 'थंड ठेवायचं औषध', 'ठरलेल्या दिवशी दवाखाना'. कोणतं औषध, हे त्या माणसाने थेट आरोग्य केंद्राच्या किंवा एआरटी केंद्राच्या माणसाशी बोलायचं. आपण फक्त फोन जोडून द्यायचा. बोट चालवणाऱ्याला आजाराचं नाव कळून काहीही उपयोग नसतो. वजन किती, चालता येतं का, खुर्चीसकट उचलावं लागेल का, हे मात्र त्याला कळायलाच हवं.

बटणाबद्दल आता. तुम्ही लिहिलंय की बटण दाबल्यावर 'मदत येत आहे' असा मेसेज आपोआप जाईल. हे वाक्य आजच काढा.

एका स्वयंसेवी गटाने असाच आपोआप उत्तर देणारा क्रमांक चालवला होता. 'आपली नोंद झाली आहे, मदत निघाली आहे.' नदीपलीकडच्या एका वस्तीवर एक वयस्कर जोडपं होतं. दुपारी पाणी गुडघ्याइतकं असताना शेजारी निघाले, यांनाही चला म्हणाले. आजोबांनी मोबाईल दाखवला: आमची बोट निघाली आहे, जनावरांची दावी सोडून आम्ही मागून येतो. बोट निघालेलीच नव्हती, कारण तो मेसेज वाचायला पलीकडे माणूसच नव्हता. रात्रभर दोघं माळ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या पोरांनी गुळाच्या काहिलीतून त्यांना बाहेर काढलं. दोघं वाचली, पण दैवाच्या भरवशावर. त्या आजोबांनी खोट्या अफवेवर विश्वास ठेवला नव्हता, एका चांगल्या हेतूच्या ॲपवर ठेवला होता.

म्हणून शब्द असे हवेत: 'तुमचा मेसेज पोचला. अजून माणसाने वाचलेला नाही. बाहेर पडता येत असेल तर थांबू नका. 112 किंवा 1077 वर फोन करा.' माणसाने वाचल्यावर दुसरा मेसेज, बोटीवाल्याने स्वतः हो म्हटल्यावर तिसरा. 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक, 112 आणीबाणीचा, 108 रुग्णवाहिकेचा. तुमच्या ॲपने यांच्या शेजारी चौथं दुकान मांडायचं नाही. आलेली हाक तिथपर्यंत पोचवायची आणि पोचली की नाही ते बघायचं. रात्री दोन वाजता तुमच्या ॲपसमोर जागा बसणारा माणूस नसेल, तर रात्री ते बटण बंद दिसायला हवं.

याच्याच जोडीला वेळ. प्रत्येक नोंदीवर वार आणि वेळ हवी, आणि 'सुटका झाली' अशी नोंद बंद करायची सोय हवी. 2019 ला एकाच घराचा मेसेज सलग तीन दिवस फिरत होता. माणसं पहिल्याच दिवशी बाहेर आली होती. बोट दोनदा त्या रिकाम्या घरी जाऊन आली, आणि त्या दोन फेऱ्यांत कुठलं दुसरं घर थांबून राहिलं असेल याचा विचार मी अजून करते. मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण मदत करतोय. कुणी पाहिलं, कधी पाहिलं, स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढ्या तीन गोष्टी नसतील तर तो मेसेज पुढे पाठवू नका. आणि अडकलेल्याकडे उगाच फोटो, व्हिडिओ मागू नका. वीज गेलेल्या घरात मोबाईलची बॅटरी हा शेवटचा श्वास असतो. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तास चालू ठेवायला सांगणं म्हणजे ती संपवणं. एकदा ठिकाण पाठवा आणि फोन बंद करून ठेवा, दर दोन तासांनी पाच मिनिटं चालू करा, असं सांगा.

नकाशा सगळ्यांना दिसावा का, या प्रश्नावर माझं मत गेल्या काही वर्षांत बदललं, आणि ते पूर्ण स्थिर झालंय असं म्हणणार नाही. उघड नकाशाने जीव वाचतात. 2010 मध्ये हैतीच्या भूकंपानंतर लोकांनी 4636 या क्रमांकावर पाठवलेले मेसेज स्वयंसेवकांनी भाषांतर करून नकाशावर लावले आणि बचाव पथकांना त्यांचा उपयोग झाला. आपल्याकडेही 2019 ला एक यादी पाहून कुणाचा तरी आतेभाऊ स्वतःची होडी घेऊन आला होता. यादी बंद असती तर तो आलाच नसता. पण हैतीतल्या त्या मेसेजमधली माणसांची खासगी माहिती उघड राहिल्यावरून पुढे बरीच टीका झाली, तीही योग्यच होती. शिवाय उघड नकाशा हा रिकाम्या घरांचाही नकाशा असतो. पूरग्रस्त भागात पहारा ठेवावा लागतो तो कशासाठी, हे कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. मी आता असं करते: लोकांना दिसणाऱ्या नकाशावर फक्त गल्ली आणि आकडा. 'दत्तनगर, 3 घरं, 11 माणसं.' नाव, नंबर, नेमकं घर हे नियंत्रण कक्ष आणि निघालेल्या बोटीपुरतं. बोट परतली की तिच्या फोनवरून ते जायला हवं. आतेभाऊ गल्लीचं नाव वाचूनही येतो.

पाण्याच्या पातळीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की ॲप स्वतःचा अंदाजही देईल. जपून. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड इथला माणूस फूट ऐकतो आणि त्यावर ठरवतो की आज गॅसची टाकी वर न्यायची की उद्या. तुमचा आकडा दोन फुटांनी चुकला तर तो एक रात्र उशिरा निघतो. जास्त सांगितला आणि पाणी आलंच नाही, तर पुढच्या वेळी तो खऱ्या इशाऱ्यालाही हलत नाही. कोयना धरणाची साठवण क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, कराडच्या प्रीतिसंगमावर काय स्थिती आहे, वारणेचं पाणी हरिपूरच्या संगमावर किती रेटतंय, या सगळ्याचं गणित जलसंपदा विभागाची माणसं रात्रंदिवस बसून करतात. त्यांचा आकडा, त्यांची वेळ लिहून, जसाच्या तसा दाखवा. सरकारी इशारे 'सचेत' ॲपवरही येतात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 54 प्रमाणे आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट उडवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. मनापासून केलेला चुकीचा अंदाज आणि खोटा इशारा या वेगळ्या गोष्टी आहेत, पण ठाण्यात बसून तो फरक समजावून सांगायची पाळी तुमच्यावर का यावी? दर पावसाळ्यात 'धरणाला तडा गेला' असा आवाज कुणीतरी रेकॉर्ड करून सोडतं. तुमच्या ग्रुपवर तो आला तर नुसता पुसू नका. 'जिल्हा प्रशासनाने नाकारलं आहे, अमुक वाजता' असं त्याच जागी लिहा, कारण ज्याने तो ऐकला त्याला उत्तर मिळायला हवं.

ड्रोनचं कायद्यातलं उत्तर सोपं आहे. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे ड्रोनला मोकळ्या ठेवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला, आणि व्यावसायिक वापर नसेल तर 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. क्षेत्राचा रंग डिजिटल स्काय या संकेतस्थळावर बघायचा. पण राज्य सरकार 96 तासांपर्यंत एखादा भाग तात्पुरता लाल क्षेत्र, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, जाहीर करू शकतं, आणि पुरात हेलिकॉप्टर येणार असेल तर ते होऊ शकतं. हेलिकॉप्टर आकाशात असताना तुमचा ड्रोन जमिनीवर, यात वाद नाही. नियंत्रण कक्षाने सांगितल्याशिवाय उडवायचाच नाही.

नीतीचं उत्तर अवघड आहे. 2019 ला एका इमारतीच्या गच्चीवर नऊ-दहा बायका दोन दिवस होत्या. खाली संडास पाण्यात. कोपऱ्यात दोन चादरी बांधून त्यांनी आडोसा केला होता. वरून आडोसा नसतो, हे त्यांच्या लक्षात आलं ते ड्रोन डोक्यावर येऊन थांबला तेव्हा. एकीने मला नंतर सांगितलं, 'ताई, पाणी परवडलं, ते वर घोंगावणारं नको होतं.' उडवणाऱ्या मुलाच्या मनात काहीच वाईट नव्हतं. त्याने ते चित्रीकरण चांगल्या भावनेनेच टाकलं, मदत यावी म्हणून. म्हणून उंचावरून माणसं मोजा, चेहऱ्यापर्यंत उतरू नका, गच्चीवर घिरट्या घालू नका, आणि चित्रीकरण कक्षाबाहेर देऊ नका.

मृतांच्या फोटोंबद्दल फार लिहवत नाही. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला बोट उलटली त्यानंतर जे फोटो फिरले ते तुम्हीही लहानपणी पाहिले असतील. तुमच्या गावापासून ते गाव कितीसं दूर आहे? घरच्यांना कळण्याआधी फोनवर चेहरा दिसणं ही शिक्षा कुणाच्या वाट्याला येऊ नये. ओळख पटवायला फोटो लागतो, तो पोलिसांनी आणि रुग्णालयाने घ्यायचा. तुमच्या ॲपमध्ये फोटो चढवायची सोयच ठेवू नका. मदतीचं पाकीट घेतानाचे फोटोही त्यातच आले. हात पसरलेल्या माणसाला 'जरा इकडे बघा' म्हणणं बंद करा. देणगीदाराला पावती द्या, चेहरा नको.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण साताऱ्याच्या बाजूने आठवते. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. डोंगरातल्या अशा वाड्यांवर पावसाळ्यात रेंज जाते, वीज जाते, रस्ता जातो. तिथे ॲप नसल्यातच जमा. 2014 मध्ये माळीण गाव गाडलं गेलं ती बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने, रोजचं गाव जागेवर दिसेना म्हणून. तुमच्या नकाशावर ठिपके कुठे दाट दिसतील? जिथे टॉवर आहे, ज्याच्या हातात चांगला फोन आहे, तिथे. बोट ठिपक्यांकडे जाणार. ज्या वस्तीतून एकही हाक आली नाही तिथे सगळं ठीक आहे असं तुमचा पडदा सांगेल, आणि कदाचित तिथेच सगळ्यात वाईट असेल. म्हणून दर सहा तासांनी एक वेगळी यादी काढा: कुठून काहीच आलं नाही. आणि तिथे माणूस पाठवा. मजुरांची पालं, वीटभट्ट्या, नदीकाठची मळ्यातली घरं तुमच्या मे महिन्यातल्या फेरीत आधी घ्या, शेवटी नको.

तुम्ही कोण, हाही प्रश्न आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 73 सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं, पण ते शासनाला, प्राधिकरणांना, त्यांच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या वतीने काम करणाऱ्या माणसांना. स्वतःच्या मनाने निघालेल्या गटाला ते आपसूक मिळेल असं धरू नका. तेव्हा पावसाळ्याआधी तहसीलदारांना भेटा, काय करणार ते लेखी द्या आणि त्यांच्याकडून लेखी घ्या: कोणत्या गावांसाठी, कोणाच्या देखरेखीखाली, माहिती कोणाला द्यायची. तुम्हाला यात लालफीत दिसेल. मला तो कागद दोनदा उपयोगी पडला आहे, एकदा पोलिसांसमोर आणि एकदा एका चिडलेल्या नातेवाइकासमोर. पैसे गोळा करायचा विचार असेल तर नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातूनच करा, आपल्यापैकी कुणाच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही नको.

शेवटी पुसण्याचं. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती काढून टाकायची, असं नवा कायदाही सांगतो, आणि ती नीट न सांभाळल्याबद्दलच्या दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत आहे. तुम्हाला कुणी एवढा दंड करणार नाही, पण यावरून कायदा ही चूक किती मोठी मानतो ते कळतं. तरी सरसकट पुसण्यात एक अडचण आहे आणि ती मला 2021 मध्ये कळली. आम्ही महिन्याभरात सगळं पुसलं, आणि नंतर दोन कुटुंबं आली: पंचनाम्यात आमचं घर कोरडं लिहिलंय, आम्ही तुमच्या बोटीतून निघालो होतो, तेवढं लिहून द्या. आमच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. त्यांचं खरं होतं आणि मी ते सिद्ध करू शकले नाही. तेव्हापासून मी पुसण्याआधी प्रत्येक घराला त्याची स्वतःची नोंद देते: तारीख, वेळ, कुठून काढलं, किती माणसं, खाली कक्षप्रमुखाची सही. चिठ्ठी त्यांच्या ट्रंकेत राहील, आपल्याकडे राहणार नाही. आपल्याकडे गल्लीवार आकडे तेवढे ठेवायचे, पुढच्या वर्षी किती बोटी लागतील हे सांगायला ते पुरतात. पुसायचा दिवस आत्ताच ठरवा आणि फॉर्मवर छापा. गावातल्या दोन माणसांसमोर पुसा, त्यात एक बाई असू द्या. ज्या-ज्या फोनमध्ये प्रत गेली त्यांची नावं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवली असतील तरच हे जमेल. मी 2019 ला लिहिली नव्हती.

तुमचा फॉर्म छापून आणा, एखाद्या रविवारी. औषधांचा आणि आधारचा रकाना आधी एकत्र बसून खोडू, मग उरलेल्या प्रत्येक रकान्यासमोर लिहू: हे कळल्याने बोटीवरचा माणूस नेमकं काय वेगळं करणार आहे. जिथे लिहिता येणार नाही तो रकानाही जाईल. आणि येताना तुमच्यापैकी पोहता न येणारा एकजण तरी आणा, रात्रीच्या फोनवर बसायला मला असाच माणूस लागतो, जो उठून पाण्याकडे धावणार नाही.